मागच्या ओळीतला तिसरा

छावणीतलं पहिलं मोठं भांडण चाऱ्यावरून झालं नाही आणि पाण्याच्या टँकरवरूनही झालं नाही. ते झालं आमच्या मोठ्या मायच्या गाईच्या गळ्यावरून.

त्या साली लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. कपिलधारचा धबधबा तर सोडाच, तिथल्या कुंडात पाय भिजवायलाही पाणी उरलं नव्हतं. मग सहकारी दूध संघानं लिंबागणेशच्या वाटेला एका माळावर जनावरांची छावणी उघडली आणि आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सचिव म्हणून तिची देखरेख माझ्या गळ्यात बांधली. जनावरामागं माणूस आलंच. लोक दावणीशेजारीच चूल मांडून राहायचे. माझं डोकं मुळात तापट, त्यात चैत्रातलं ऊन. दिवसातून दहा वेळा कुणावर तरी खेकसायचो आणि ज्याच्यावर खेकसलो त्याच्याच चुलीवरचा चहा प्यायचो.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं, शेती नंतर आली. तिचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची आणि तिचा नवरा अठराचा. महायुद्ध चालू होतं. नगरला भरती आहे, जनावरातलं कळणारी पोरं पाहिजेत, असं कुणीतरी बाजारात सांगितलं आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत हा पठ्ठ्या निजामाची हद्द ओलांडून नगरला गेला. तो परत आलाच नाही. माझे वडील तेव्हा पाळण्यात होते. मोठ्या मायला भाऊ नव्हता, त्यामुळं परत जायला माहेरही नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत आहे. तिच्या पाटाचं बोलणं दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा तिनं आलेल्या पाहुण्यांच्या पायताणात पाणी ओतलं. मग कुणी तो विषय काढला नाही. ती आमच्याच घरात राहिली. मला तिनंच वाढवलं, मारलंही तिनंच.

नवऱ्याचं म्हणून तिच्याकडं दोन वस्तू होत्या. एक चौकटीतला फोटो आणि एक पितळी तारा. तो अंगठ्याएवढा तारा त्याच्या टोपीवरचा, मधे छोटा मुकुट. फोटो आणि तारा एकाच पार्सलात आले होते. आजोबांनी ताऱ्याला मागून कडी लावून घेतली आणि म्हणाले, जनावरापायी गेला, तर जनावराच्याच गळ्यात राहू द्या. तेव्हापासून पोळ्याला तो तारा बैलाच्या कपाळावर आणि एरवी गाईच्या गळपट्ट्यात. जनावरं किती आली न गेली, तारा तोच. मोठी माय तो चिंच आणि राख लावून घासायची, गाईच्या गळ्यात लखलख करायचा.

तर एका सकाळी दावणीच्या पार त्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघतो तो एक ताठ कण्याचा म्हातारा गाईचा गळपट्टा धरून उभा आणि मोठी माय शेणाची पाटी त्याच्या अंगावर टाकायच्या बेतात.

"सरकारी बिल्ला हाय ह्यो! जनावराच्या गळ्यात कावून बांधलाव बाई?"

"माझ्या मालकाचा हाय. गळ्यात बांधंन न्हाईतर चुलीत घालंन. तुमी कोन इचारनार?"

"मालक कोनत्या कंपनीत होता?"

"खच्चराच्या."

म्हाताऱ्याचा हात पट्ट्यावरून खाली आला. "मी बी," तो म्हणाला. मग त्यानं तारा पुन्हा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "घासलाय मातर लई झकास. आमच्या परेडला चालला असता."

छावणीत सगळे त्याला हवालदार म्हणायचे. आपण कधीच हवालदार नव्हतो, खेचरं हाकणारा साधा शिपाई होतो, हे त्यानंच मला पुढं सांगितलं. तो मूळचा परळीकडचा. लढाईवरून आल्यावर साखर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी झाला आणि चेअरमनपासून उसाच्या गाडीवानापर्यंत सगळ्यांना सलाम ठोकत निवृत्त झाला. लेक आमच्या गावात दिलेली, तिची म्हैस घेऊन तो छावणीत आला होता. त्या दिवसापासून तो मोठ्या मायला वैनी म्हणायला लागला आणि तिच्या चुलीवरचा चहा त्याला रोज मिळायला लागला. मला मात्र त्यानं शिस्त लावायला घेतली. दावणी वाकड्या बांधल्यात, शेणाचे ढीग एका रेषेत नाहीत. "काय सचिवसाहेब, तुमच्यापेक्षा आमची खच्चरं सरळ हुबी ऱ्हायची," म्हणायचा.

फोटो मोठ्या मायनं गावातल्या घरी ठेवला नव्हता. तिच्या पालाच्या मधल्या मेढीला तो टांगलेला असायचा. हातभर लांब, तीन ओळींत उभे-बसलेले शिपाई, मधे खुर्चीवर छडी घेतलेला गोरा साहेब. मागच्या ओळीत एका मिशीवाल्या, दंडावर दोन फिती असलेल्या माणसावर काचेवरूनच कुंकवाचा जाड थर. दर अमावस्येला आणि दसऱ्याला ती तिथं बोट टेकवायची, आणि तसं करताना पदर डोक्यावरून पुढं ओढून घ्यायची. लहानपणापासून मी हेच बघत आलो. मिशीवाला म्हणजे आपले थोरले चुलते, हे मला वर्णमालेच्या आधी पाठ झालं होतं.

आता मोठ्या मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बीडला मोफत शिबिर होतं. मी म्हणालो, बायको म्हणाली, डॉक्टरांनी येऊन सांगितलं, पण बाई ऐकेल तर शपथ. "डोळ्यात सुरी घालू देनार न्हाई. गाय वळखू येती, चूल घावती, बास झालं."

हवालदारानं चहाचा कप खाली ठेवला. "वैनी, मालकाचं तोंड शेवटचं नीट कवा बघितलं?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "नीट? कवाच न्हाई."

मी तिच्या मांडीवर वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं. लग्नात मधे अंतरपाट, नंतर तोंडावर पदर. तो असायचा मेंढरांच्या वाड्यात, ही घरात सासूच्या हाताखाली. "पाय बघितलेत त्येचे," ती म्हणाली. "टाचा लई फुटलेल्या." पुढं फोटो आला तो सासऱ्यानं ओसरीत टांगला. ओसरीत गडीमाणसं बसायची, तिथं उभं राहून सुनेनं नवऱ्याच्या फोटोकडं टक लावून कसं बघायचं? कुंकू लावायचं, पदर सावरायचा, आत जायचं. सासू-सासरे गेले, हवं तेवढं बघायला मोकळीक झाली, तोवर काचेवर कुंकवाचा थर चढला आणि डोळ्यांवर पडदा आला.

"मिशा हायत येवढं म्हायती हाय," ती म्हणाली. "बाकी समदं धुकंच."

"मंग घ्या की काढून पडदा," हवालदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती तयार झाली. जाताना मला तीनतीनदा बजावलं, "पट्टी सुटली की आदी मालकाला बघनार. देव मागून. फोटूला धक्का लावू नको." बायको तिच्यासोबत गेली. चार दिवसांनी त्या परत येणार होत्या.

मी फोटोला धक्का लावला. तिच्या भल्यासाठीच लावला. चौकटीला मागून वाळवी लागली होती, काच तेलकट, कुंकवाचा थर वाळून पोपडे सुटलेले. ऑपरेशन करून बाई हौसेनं येणार आणि बघणार काय, तर पोपडे? मी हवालदाराला म्हणालो, चला, ती यायच्या आत लख्ख करून ठेवू. शाळेच्या हेडमास्तरांकडून प्रयोगशाळेतलं भिंग आणलं. त्यासाठी त्यांनी माझी सही घेतली, जशी काय मी दुर्बीण पळवणार होतो.

खिळे काढले, मागचा पुठ्ठा काढला, तर पुठ्ठ्याच्या आत घडी घातलेलं एक पत्र. उर्दूत. तेव्हा गावात मराठी वाचणारं कुणी नव्हतं असं नाही, पण सरकारी कागद म्हटलं की उर्दूच, आणि ती वाचायला तलाठ्याचा मुन्शी. हवालदार निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत गेलता. त्यानं पत्र उजेडाकडं धरलं आणि बोट ठेवत, अडखळत वाचलं. सलाम-दुवा झाल्यावर, तुमचा मुलगा लढाईत कामी आला, नेक आणि बहादूर होता, जनावरांचा लाडका होता. आणि खाली, तस्वीर सोबत पाठवत आहोत, 'आपका बेटा पिछली कतार में तीसरा है.'

"बराबर," हवालदार म्हणाला आणि मागच्या ओळीवर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन. बोट मिशीवाल्यावर थांबलं. मी ओल्या कापसानं कुंकू पुसायला घेतलं. थर एवढा जाड की तीन बोळे लाल झाले. खालून टोपी निघाली, टोपीवरचा बिल्ला निघाला. हवालदारानं भिंग लावलं आणि तसाच वाकून राहिला.

"हवालदार, काय झालं?"

"ह्यो आमचा न्हाई बे."

"म्हणजे?"

"ह्येच्या टोपीवर तुतारी हाय. ही पायदळाची पलटन. खांद्यावरची अक्षरं बघ, आखूड हायत. आमच्या खच्चरवाल्यांची अक्षरं लांबलचक, खांदा पुरायचा न्हाई." मग त्यानं सगळा फोटोच वाचायला सुरुवात केली, हजेरी घेतल्यासारखा. हा तुतारीवाला, हा तुतारीवाला, हा तोफखान्याचा, हे दोघं आमचे. "साहेबाच्या गळपट्टीवर बघ. जनावराचा डाक्टर हाय ह्यो. ह्यो वर्ग हाय वर्ग. खच्चरं पायदळाकडं बी असायची, तोफखान्याकडं बी. समद्यांकडची पोरं जनावराचं औषदपानी शिकायला एका ठिकानी आनलेली. म्हनून बिल्ले येगळे."

माझं डोकं तापलं. "अहो, पण पत्रात लिहिलंय ना! मागच्या ओळीत तिसरा. तुम्हीच मोजला ना आत्ता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडं बघितलं. "मी उजवीकडून मोजला," तो म्हणाला.

उर्दू उजवीकडून वाचायची. तेव्हा हे पत्र वाचून दाखवणाऱ्या मुन्शीनं आयुष्यभर उजवीकडूनच वाचलं आणि माणसंही उजवीकडूनच मोजली. हवालदारानंही तेच केलं, पत्र वाचता वाचता बोट तसंच गेलं. पण फौजेत फोटोतली माणसं डावीकडून मोजायची पद्धत, असं तोच म्हणाला. त्यानं आता बोट दुसऱ्या टोकाला नेलं. एक, दोन, तीन. भिंग लावलं. टोपीवर तारा, मधे मुकुट, खांद्यावर लांबलचक अक्षरं. मग त्यानं भिंग थोडं खाली सरकवलं, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं आणि खो खो हसायला लागला.

"कान बघ की! कान!"

आमच्या घराण्याचे कान जगजाहीर आहेत. माझ्या वडिलांचे तसेच, माझे तसेच, माझ्या पोराचे तसेच. सुपासारखे बाहेर आलेले. शाळेत मास्तरांना धरायला सोपे जायचे. तेच कान त्या मोठ्या टोपीखालून दोन्हीकडं बाहेर आले होते.

हवालदार हसत होता आणि मला हसू येईना. मला माझी आजी आठवली. चुलत्यांची आई. माझ्या लहानपणी ती फार म्हातारी झाली होती, ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. दसऱ्याला मोठी माय फोटोला कुंकू लावायला लागली की कोपऱ्यातून म्हणायची, "ह्यो माझा न्हाई." दरवर्षी. आजोबा म्हणायचे, पलटणीत जाऊन पोरगं भरलं, मिशा आल्या, हिला ते पटंना. आणि मुन्शीनं कागद वाचून दाखवलेला, कागदापुढं बाईमाणसाचं कोण ऐकतं? सगळा गाव म्हणायचा, पोराच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. आम्ही पोरं तर तिची नक्कल करायचो. कुणाचं वासरू चुकून दावणीला आलं की ओरडायचो, "ह्यो माझा न्हाई!" मी सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो. त्या आईला नखाएवढ्या चेहऱ्यावरूनही आपलं पोर ओळखू येत होतं, आणि ते कुणी ऐकलं नाही.

"सांगावं लागंल वैनीला," हवालदार म्हणाला.

"काही सांगायचं नाही," मी म्हणालो. "सत्तरीची बाई. आयुष्यात नवरा म्हणून काय मिळालं, तर मिशा. त्याही काढून घेऊ? लावा कुंकू परत मिशीवाल्याला आणि गप बसा."

"आन तिचा खरा मालक? त्यो आसाच बिनकुंकवाचा हुबा ऱ्हानार?"

"राहिलाच आहे ना साठ वर्षं!"

"म्हनूनच म्हनतो," तो म्हणाला आणि उठून म्हशीकडं गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी फोटो नव्या चौकटीत बसवला, काच लखलखीत पुसली आणि कुंकवाची डबी घेऊन बसलो. दोनदा बोटावर कुंकू घेतलं. एकदा मिशीवाल्यापर्यंत नेलं, एकदा कानवाल्यापर्यंत. दोन्ही वेळा धोतराला पुसलं. सोसायटीत कुणाची बाजू घ्यायची हे मी आयुष्यभर चटकन ठरवत आलो, पण इथं बोट चालेना. शेवटी काच कोरीच ठेवली आणि मेढीला टांगली.

चौथ्या दिवशी मोठी माय जीपमधून उतरली. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर पदर. आधी गाईच्या पाठीवरून हात फिरवला, मग कनवटीची डबी काढत फोटोपुढं गेली आणि थबकली.

"कुकू कुनी पुसलं?"

तिचा आवाज ऐकून आजूबाजूच्या चुलींवरची माणसं वळून बघायला लागली. "मी," मी म्हणालो. "काच धुतली. घाण झालती."

"घान झालती म्हनं! मेल्या, येवढा घोडा झालास..." ती बोलता बोलता फोटोजवळ वाकली आणि तिचं बोलणं थांबलं. "आगं बया! दिसतंय की रं! मिशीचा क्यास न क्यास दिसाया लागला!" तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं गप बसलो. तिनं पदर पुढं ओढला, बोट कुंकवात बुडवलं आणि मिशीवाल्याकडं नेलं.

"माय, थांब," मी म्हणालो. माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. पण निघालं, आणि मग मी सगळं सांगून टाकलं. पत्र, मुन्शी, उजवीकडून, डावीकडून, तुतारी, तारा. हवालदार येऊन शेजारी सावधान उभा राहिला. गाईच्या गळ्यातला तारा सोडून आणला होता, तो त्यानं तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात भिंग दिलं.

तिनं ताऱ्यावरून अंगठा फिरवला. साठ वर्षं घासलेला तारा, त्याचं टोक न टोक तिच्या अंगठ्याला पाठ होतं. मग भिंग डावीकडच्या तिसऱ्याच्या टोपीवर धरलं. बराच वेळ धरलं. मग हळूच खाली, तोंडावर आणलं.

"हे तर लेकरू हाय रं," ती म्हणाली.

मी त्या फोटोकडं चार दिवस बघत होतो. मी कान बघितले, बिल्ला बघितला. हे मला दिसलं नव्हतं. ओठावर मिसरूडही न फुटलेलं, टोपी डोक्याला मोठी झालेलं, माझ्या धाकट्या पोराच्या वयाचं लेकरू होतं ते.

"डोळे बारीक कावून केलेत त्येनं?"

"समोर ऊन हाय, वैनी," हवालदार म्हणाला. "मिसर देशातलं असंल. लई वाईट ऊन."

"आन येवढ्या उनात हुबं केलं लेकराला?" ती म्हणाली. तिनं पदराचं टोक घेतलं आणि काचेवरून त्याचं तोंड पुसलं, उन्हातून खेळून आलेल्या पोराचं पुसतात तसं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही.

मग ती खाली बसली. "आत्याबाई सांगत हुत्या," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. "दरसाल सांगत हुत्या. मी त्यास्नी म्हनले, तुमाला तुमच्या पोटचं लेकरू वळखू यीना व्हय? दोन-दोन म्हयने आबोला धरला म्यां. आत्याबाई, तुमचंच खरं हुतं ओ." आणि ती रडायला लागली. तिकडून माझी बायको ओरडत आली, डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून सांगितलंय, कुणी रडवलं हिला? बायकोनं माझ्याकडं बघितलं तर मीच रडत होतो. लाज कशाला वाटायची? मोठ्यानं रडत होतो.

रडणं ओसरल्यावर तिला भलतीच काळजी लागली. तिनं मिशीवाल्याकडं बोट केलं. "आन ह्यो? परक्या मानसाला साठ वर्सं कुकू लावलं म्यां. ह्येची बायकू काय म्हनंल?"

"काय म्हनायचं?" हवालदार म्हणाला. "तिला काय ठावं?"

"तिला ठावं नसंल, मला हाय ना!" तिनं त्याला असं झापलं की तो पुन्हा सावधान उभा राहिला. दुपारभर ती गाईपाशीच होती. गाईला चारा टाकला, पाणी दाखवलं, तारा परत गळपट्ट्याला अडकवला. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मला भाऊ न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला, छावणी उठली, माणसं-जनावरं आपापल्या घरी गेली. दसऱ्याला तिनं डावीकडच्या तिसऱ्याला पहिलं कुंकू लावलं. आणि भाऊबीजेला पाट मांडला, त्यावर फोटो ठेवला, ताट घेऊन बसली आणि उजवीकडच्या तिसऱ्याला, त्या मिशीवाल्याला, ओवाळलं. "साठ वर्सं माझ्या घरात ऱ्हायला," म्हणाली, "परका कसा म्हनायचा?" हवालदार त्या दिवशी मुद्दाम परळीहून आला होता. म्हणाला, ओवाळणी कोण घालणार? मग मिशीवाल्याच्या वतीनं त्यानंच ताटात साडी घातली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते छावणीचे राहिलेले दिवस. पाल पश्चिमेला तोंड करून होतं. दुपार कलली की ऊन आत यायचं आणि सरकत सरकत मेढीवर चढायचं. मी कुठंही असलो, कुणाशीही भांडत असलो, तरी मोठ्या मायची हाक यायची, "आरं, त्याला सावलीत घे." आणि मी भांडण अर्धं टाकून जायचो आणि फोटो दुसऱ्या मेढीला टांगायचो.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो माझ्याकडं आहे. नवं घर बांधलं तेव्हा तो कुठं लावायचा म्हणून पोरं विचारायला लागली, दिवाणखान्यात दर्शनी भिंतीला छान दिसेल म्हणाली. मी आधी दिवसभर घरात फिरून बघितलं. स्वयंपाकघराकडच्या बोळातल्या भिंतीवर सकाळी, दुपारी, कधीच ऊन येत नाही. तिथं मी खिळा ठोकला.